लामियांगचे पाय

माझी बायको लामियांग धुरानं गेली. त्या वर्षी कोरडा हंगाम संपेचना. कंपनीच्या बाजूची जमीन आतून धुमसत होती आणि कित्येक आठवडे आम्हाला नदीचा पलीकडचा काठ दिसला नाही. लामियांग वेताची चटई विणता विणता खोकायची. पुढं विणणं थांबलं, खोकला तेवढा राहिला. शेवटी शेवटी मी ओलं फडकं तिच्या तोंडावर धरायचो, तर म्हणायची, "काढा हो ते. माशाचा वास येतो त्याला. धुरानं नाही मेले तर तुमच्या फडक्यानं मरेन."

ती गेल्यावर तिला गावामागच्या मसणवटीत ठेवलं. ठेवलं म्हणतो, कारण आमच्यात पुरलं म्हणजे संपलं असं नसतं. पुढं चार-सहा घरांची जुळणी होते, रेडे, डुकरं, तांदूळ, दारू जमते, आणि मग सगळ्यांनी मिळून तिवाह करायचा. हाडं काढायची, धुवायची, डोक्यापासून पायापर्यंत मांडायची आणि खांबावरच्या लहानशा लाकडी घरात, सांडुंगात, तिच्या सासूसासऱ्यांशेजारी नेऊन ठेवायची. तेव्हा कुठं बासिर, म्हणजे आमचे पुजारी, माणसाला नावेत बसवून पलीकडच्या गावाला पोचवतात. तोवर ते माणूस इथंच घुटमळतं. मागं राहिलेल्या नवऱ्याला तोवर दुसरं लग्न करता येत नाही. मला ते करायचं नव्हतंच. माझं मागणं एवढंच होतं की तिनं तिकडं सबंध पोचावं.

माझ्या आजाच्या वेळी मेलेल्यांना नदीकाठच्या उंच मातीत ठेवायचे. त्या जागी आता कंपनीचा धक्का आहे. मग उरली मागची काळी जमीन. ती जमीन म्हणजे माती नव्हेच. पाला, मुळं, पडलेले बुंधे, सगळं पाण्याखाली न कुजता साचत गेलेलं, माणसाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट खोल. पाणी असेल तोवर ती जमीन आणि पाणी गेलं की सरपण. यातलं पहिलं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. दुसरं कंपनीनं शिकवलं.

कंपनीची माणसं प्रथम आली तेव्हा गावाला जेवण दिलं होतं. पाणथळ वाळवून तेलाचे पाम लावू, गावालाही वाटणी देऊ, असं त्यांनी सांगितलं. लामियांग पाठीमागं बायकांत बसली होती. तिथूनच मोठ्यानं म्हणाली, "मासे वाळवतात हे ठाऊक होतं. जमीन वाळवून खायची कशी, तेही दाखवा." सगळे हसले. साहेबही हसले. नंतर सगळ्यांनी अंगठे उठवले. मीसुद्धा.

मोठे कालवे आधी कंपनीच्या हद्दीत झाले. गावाच्या वाटणीचे तुकडे मिळाले ते लामियांग गेल्यानंतरच्या वर्षी. ते मसणवटीला लागूनच होते. त्यांच्यातलं पाणी काढायला पोकलेननं एक सरळ चर खणला. चराच्या एका अंगाला पामची रोपं आणि दुसऱ्या अंगाला आमची मेलेली माणसं. आमच्यात मेलेल्याचे पाय नदीच्या उताराकडं करतात. चरही नेमका त्याच बाजूला आला. सगळे चराकडं पाय करून झोपलेले.

त्या तुकड्यांतला एक माझ्या मेव्हण्याचा, देहेनचा. लामियांगचा हा एकुलता एक भाऊ. आईबाप लवकर गेले म्हणून तिनंच त्याला कडेवर वाढवला. तो तिला ताई म्हणायचा, पण आईसारखा घाबरायचा. त्याची रोपं छान उठली. मसणवटीची जमीन मात्र बसायला लागली. आधी तिच्यावर चालताना गादीवर चालल्यासारखं वाटायचं, आता पायाखाली कोरडं करकरायचं. थडग्यांचे खांब वर आले, हिरड्या खाली गेलेल्या म्हातारीच्या दातांसारखे. एके दिवशी गवत काढायला गेलो तर लामियांगच्या पेटीचा पायाकडचा कोपरा मला दिसला. मी त्यावर काळा भुसा लोटला. परत आलो तेव्हा वाऱ्यानं तो उडालेला होता.

मी बासिरांकडं गेलो. त्यांचं नाव सिमल. वयानं एवढे मोठे की गावात त्यांना सगळेच आजोबा म्हणतात. ते म्हणाले, "मग तिवाह लवकर करा. सगळ्यांना बोलाव."

सगळे माझ्याच घरी जमले. ज्यांचं कुणी ना कुणी मसणवटीत तिवाहाची वाट बघत होतं, तेवढेच. उंडुक आजी आली, तिचा नवरा लामियांगच्या दोन थडगी पलीकडं होता. देहेन आला.

"लेन्सीच्या बाबांचं म्हणणं आहे की याच हंगामात करून टाकू," बासिर म्हणाले. लेन्सी माझी मुलगी. तिच्या नावानंच मला गावात हाक मारतात.

"याच हंगामात?" देहेन म्हणाला. "दाजी, माझ्याकडं काय आहे याच हंगामात? एक डुक्कर."

"डुक्कर चालेल."

"ताईला डुक्कर?" त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. "जिनं मला वाढवलं तिला मी डुक्कर देऊ? लोक थुंकतील माझ्यावर. पुढच्या वर्षी फळ लागतंय. पहिल्या तोडणीत रेडा आणतो. चांगला, शिंगांचा. तिला त्याच्यावर हात ठेवून जाऊ दे."

"तोवर जमीन राहायला हवी ना, देहेन."

"जमीन कुठं जाते?"

"खाली जाते," उंडुक आजी म्हणाली. "माझा म्हातारा वर यायला लागलाय. जिवंतपणी उठवून उठत नव्हता, आता आपणहून येतोय."

लोक हसले, पण बाजू देहेनचीच घेतली. प्रत्येकजणच फळाची वाट बघत होता. रेडा न देता आपल्या माणसाला पाठवणं ही आमच्याकडं लहान गोष्ट नाही. मला तेव्हा राग आला, पण त्यांचं चुकीचं आहे असं म्हणता येईना. मी त्याच्या जागी असतो तर मीही रेडाच म्हणालो असतो.

मी विचारलं, "मग तिला काढून घरात आणून ठेवू का तोवर?"

बासिरांनी मान हलवली. "उकरलं की थांबायचं नाही. वर आलेलं हाड वाटेला लागलंच पाहिजे. मधे ठेवलंस तर ती ना इकडची ना तिकडची."

तेव्हा मी ठरवलं की जमीनच ओली ठेवायची. पाणी असलं की ती तशीच राहील, जशी माझ्या लहानपणी राहायची. गालमच्या झाडाचे सरळ वासे तोडून आणले, चरात दोन ओळींत ठोकले आणि मधे नदीकाठच्या चिकणमातीची पोती भरली. बांध काही भारी झाला नव्हता. पण पाऊस झाला तसं मागं पाणी तुंबलं, काळं, चहासारखं. मसणवटीत पाय टाकला की पुन्हा गार लागायला लागलं. एकदा तर तिच्या थडग्याजवळच्या खड्ड्यात मरळ उडी मारताना पाहिली. मी तिथंच बसलो आणि तिला सांगितलं, "आली बघ तुझी मरळ." लामियांगला मरळ फार आवडायची, कच्च्या मिरचीबरोबर.

नंतर एका सकाळी गेलो तर बांध नव्हता. वासे काठावर नीट रचून ठेवलेले, पोती फाडलेली आणि चरातनं पाणी नदीकडं धावत होतं. देहेन गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात फावडं.

"काय करतोयस?"

"दाजी, रागावू नका. माझ्या झाडांची मुळं कुजतायत. पानं पिवळी पडली, बघा तरी."

"आणि इकडं बाई वाळतेय, ती बघितलीस?"

"एकच वर्ष, दाजी."

"तुझी बहीण आहे ती."

"म्हणूनच तर!" तो ओरडला. "कुणासाठी चाललंय हे? माझ्या पोटासाठी? झाडं मेली तर रेडा कुठनं? तुम्ही देणार?"

"मला रेडा नको."

"तुम्हाला नको असेल. तिला हवा."

"तिनं सांगितलं तुला?"

"तुम्हाला तरी कुठं सांगितलं, पाणी अडवा म्हणून?"

मी त्याच्या हातातलं फावडं ओढलं, त्यानं सोडलं नाही. दोन कुत्री हाडाला झोंबावीत तसे आम्ही त्या चरात झोंबलो. तो तरुण आहे, त्यानं मनात आणलं असतं तर मला पाण्यात बसवलं असतं. नाही बसवलं. फावडंच सोडून दिलं आणि म्हणाला, "घ्या. पुन्हा बांधलात तर पुन्हा काढीन. रोज काढीन." मग काठावर चढला आणि आपले वासे, म्हणजे माझे वासे, खांद्यावर घेऊन माझ्या घराखाली आणून ठेवून गेला. वाया जाऊ नयेत म्हणून.

मी पुन्हा बांधला. त्यानं पुन्हा काढला. मग कंपनीचा राखणदार आला. चर अडवणं गुन्हा आहे, असं सांगून गेला. नंतर पाऊसच संपला आणि अडवायला पाणी उरलं नाही.

आग कंपनीच्या शेजारच्या तुकड्यात लागली. कुणी लावली ते कळलं नाही, कळणारही नाही. आमच्याकडची आग ज्वाळांनी येत नाही. जमिनीच्या आतनं येते. वर गवत हिरवं असतं आणि त्यातनं धुराची दोरी निघते. चांगलं उभं झाड दुपारी आवाज न करता आडवं होतं, मुळं खाली जळून गेलेली असतात. बांबू खुपसून बघायचं. टोक काळं होऊन आलं की समजायचं, आत आहे.

धूर आला तेव्हा लेन्सीचा शहरातून फोन आला. "बाबा, इकडं निघून या. आईचं झालं तेवढं पुरे."

"आईला सोडून कुठं येऊ?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "मग तोंडाला फडकं तरी बांधा. धुतलेलं बांधा."

गावाचा एक पंप होता. आम्ही तो चरावर नेला. चरात बोटभर गाळ. पंपानं तो ओढला, दोनदा ओकला आणि बंद पडला. कंपनीचे पंप मोठे होते, पण ते कंपनीच्या कालव्यावर होते.

मग कंपनीनं आमच्यासाठी पोकलेन पाठवला. आग रुंद चर ओलांडत नाही म्हणून हाच चर अजून खोल करायचा, म्हणजे गावाचे पाम वाचतील. बरोबर एक तरुण साहेब होता, तोंडावर पांढरा मास्क, हातात टॅब. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, चर नको. तिकडच्या अंगाला खणा, थडग्यांच्या पलीकडं. इथं थडगी आहेत. चर खोल केलात तर उरलंसुरलं पाणी पायाखालनं निघून जाईल."

त्यानं टॅबवर बोट फिरवलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "काका, माझ्या नकाशात इथं थडगी नाहीत. झुडपं दाखवतायत."

"त्यातलं ते झुडूप माझा नवरा आहे," उंडुक आजी म्हणाली. "पलीकडचं झुडूप ह्याची बायको."

साहेबानं खरंच मान वर करून पाहिलं. "आज्जी, मला फक्त लावणी वाचवायचा हुकूम आहे."

पोकलेनवाल्याला धुरात काठ दिसत नव्हता. कुणीतरी पुढं चालून त्याला हातानं दाखवायला हवं होतं. देहेन पुढं झाला. शर्ट काढून तो त्यानं हवेत फिरवला आणि मागं मागं चालत, डावीकडं घ्या, अजून डावीकडं, असं ओरडत त्यानं तो सबंध चर खोल करून घेतला. मी बघत होतो. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. नवीन चराच्या भिंतीतनं, मसणवटीच्या बाजूनं, थेंब थेंब काळं पाणी पाझरत होतं. संध्याकाळपर्यंत पाझरलं. मग थांबलं.

आग चर ओलांडून गेली नाही. चराच्या कडेकडेनं आली, जिथं जमीन सगळ्यात कोरडी होती तिथनं. सकाळी उंडुक आजी हाका मारत आली. "उठा, लेन्सीचे बाबा! आपल्या माणसांच्या पायाखालनं धूर निघतोय!"

मी बासिरांना विचारायलाही गेलो नाही. कुदळ घेतली आणि निघालो. ते स्वतःच आले, नातीच्या खांद्यावर हात ठेवून, एका हातात कोंबडी आणि कमरेला तांदळाची पिशवी. मी म्हटलं, "आजोबा, थांबवू नका."

"थांबवायला नाही आलो. पण असंच चोरासारखं उकरशील? तिला सांगायला तर हवं." त्यांनी थडग्यावर तांदूळ टाकले, कोंबडीचं रक्त शिंपडलं. ते जिथं पडलं तिथं चुरचुरलं. "लामियांग," ते म्हणाले, "घाईनं बोलावतोय, रागावू नकोस. घराला आग लागलीये."

जमीन तापलेली होती. बांबू खुपसत जागा बघायची, मग पाय टाकायचा. मी डोक्याकडनं खणायला घेतलं. पायाच्या अंगाला उभंच राहता येईना. थोड्या वेळानं शेजारी दुसरं फावडं पडायला लागलं. देहेन होता. पायांना ओली पोती गुंडाळलेली. तो सरळ पायाच्या बाजूला गेला.

"तिकडं जाऊ नको, आत पोकळ आहे," मी ओरडलो.

तो गेला. एका ठिकाणी त्याचा पाय आत गेला आणि त्यानं किंकाळी फोडली. ओढून काढला तर पोतं पेटलेलं. उंडुक आजीनं त्यावर घागर ओतली. तो पुन्हा तिथंच जाऊन खणायला लागला. आजी म्हणाली, "अरे गाढवा, तुझेही पाय जाळून घेतोस का?"

पेटीचं झाकण डोक्याकडं शाबूत होतं. मी ते उचललं. तिथं काय होतं ते मी सांगणार नाही. तिची चटई होती, तिनंच विणलेली, आणि त्या चटईत ती होती. डोकं, हात, फासळ्या, कंबर. मी हात घालून काढत गेलो आणि बासिर नव्या कापडावर ठेवत गेले. मांड्यांपर्यंत मिळालं. गुडघ्यांपासून खाली पेटीच नव्हती. तिथं एक भोक होतं, आत लाल, आणि देहेन त्यात हात घालत होता.

"नाही," तो म्हणत होता. "असतील. खाली सरकले असतील." मूठभर राख बाहेर काढायचा, फुंकायचा, बोटांनी चाळायचा. सगळी सारखीच राख. जमिनीची कुठली आणि तिची कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं. शेवटी मी त्याची मान धरून त्याला मागं ओढला. माझ्या मनात तेव्हा दया नव्हती. त्या भोकात त्याला लोटून द्यावं असंही वाटलं होतं, आणि ते वाटल्याचं मला आजही काही वाटत नाही.

उंडुक आजीचा म्हातारा अख्खा निघाला. बसून ती एकेक हाड पुसत होती आणि शिव्या देत होती. "अख्खा आला मेला. सगळं आयुष्य आळशासारखा सावलीत बसला, इथंही ओली जागा धरून होता." आणि रडत होती.

आता थांबता येणार नव्हतं. हाडं वर आली होती. पहिला पाऊस पडून धूर खाली बसला की लगेच तिवाह करायचा, असं ठरलं. फळाला अजून अवकाश होता. देहेनचे पाम चराच्या पलीकडं हिरवेगार उभे होते, एकही जळला नव्हता. पण रेडा कुणाकडंच नव्हता. ज्याच्यासाठी पाणी सोडलं, तोच नव्हता. देहेन पायाला पट्ट्या बांधून, लंगडत, डुक्कर घेऊन आला. मी दोरी हातात घेतली आणि डुक्कर घराखाली बांधलं.

बासिर म्हणाले, "अडचण दुसरीच आहे. मांडताना डोक्यापासून पायापर्यंत मांडायचं असतं. हिचं अर्ध्यात थांबतंय."

"मग?"

"नावेत बसेल. बसायला पाय लागत नाहीत. पण पलीकडं काठावर उतरेल कशी?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

ते बराच वेळ पान चघळत राहिले. "माझ्या गुरूंनी एकदा मगरीनं नेलेल्या माणसाला लाकडाचा हात दिला होता. लोखंडी लाकडाचा, जे कुजत नाही त्याचा. तसेच हिला पाय कोरून दे. माझ्या मते चालेल. तिकडं कुणी नाही म्हटलं तर माझं नाव सांगू दे तिला."

लोखंडी लाकूड आता कुठं मिळतं? रान गेलं. देहेननं पामचं खोड आणून बघितलं, वेड्यासारखं. पामला आत लाकूडच नसतं, नुसते दोर. कोरायला घेतलं की भुसा होतो. एवढ्या लांबवर पसरलंय ते झाड, पण त्यातनं माणसाचा एक पाय निघत नाही.

शेवटी मी घराची शिडी काढली. आमच्याकडं एका ओंडक्याला खाचा पाडून शिडी करतात. माझ्या बापानं वरच्या रानातनं आणलेला लोखंडी लाकडाचा ओंडका होता तो. लग्न होऊन आली त्या दिवसापासून लामियांग त्याच्यावरनंच चढली उतरली. मधल्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मी त्याचे दोन तुकडे केले. एक माझ्यापुढं ठेवला.

देहेन अंगणात उभा होता. "दाजी, एक मला द्या."

"कशाला?"

"तिनं मला चालायला शिकवलं."

"म्हणून तू तिला असं केलंस?"

तो तसाच उभा राहिला. हात पुढं केलेला, बोटांची साल गेलेली. मी त्याला माफ केलेलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. पण तुकडा दिला. तो तिचा भाऊ आहे, ते मला बदलता येत नाही.

आम्ही दोघं दोन बाजूंना बसून कोरत राहिलो. मला तिचा पाय आठवत होता तसा मी केला: टाचेला भेगा, अंगठ्याशेजारचं बोट जरा वर चढलेलं. माझ्या बायकोचे पाय मोठे होते, ती त्यावरनं स्वतःच थट्टा करायची. देहेननं केला तो पाय लहान होता, नाजूक, जवळजवळ पोरीचा. त्याला ती तशीच आठवत असणार, त्याला कडेवर घेऊन हिंडणारी. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. डावा उजव्यापेक्षा बोटभर तोकडा.

"दुसरा करू का?" त्यानं विचारलं.

"लाकूड संपलं," मी म्हटलं.

तिवाहच्या दिवशी काशाच्या घंटा वाजल्या, दारू फिरली, डुकरं कापली. बासिर उंच आवाजात वाट सांगत होते, कुठली नदी, कुठलं वळण, कुठं धुकं, कुठं आगीचा भोवरा. आगीच्या भोवऱ्याशी आले तेव्हा थांबले, पाणी प्यायले आणि पुढं निघाले. लेन्सी शहरातून आली होती. तिनं आईच्या हाडांवर नवी चटई टाकली, बाजारातली. विणायला तिला येत नाही. पाय मी ठेवले. मोठा आधी, मग लहान. सांडुंगाचं दार बंद झालं.

संध्याकाळी उंडुक आजी झिंगून आली. "सुटलात, लेन्सीचे बाबा. आता लग्न करायला मोकळा. मी पण मोकळी आहे, बघा."

"तुमचा म्हातारा अख्खा गेलाय, आजी. वाटेतनं परत येईल."

ती हसली आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी जोरात पाऊस झाला. मी मसणवटीकडं गेलो. जळलेल्या पट्ट्यावर कंपनीच्या माणसांनी खुणेच्या काठ्या रोवल्या होत्या, नव्या लावणीसाठी. तो खोल केलेला चर काठोकाठ भरून नदीकडं धावत होता. उरलेली थडगी त्याच्या कडेला होती, ज्यांच्या घरांची जुळणी अजून झाली नव्हती ती. देहेन आपल्या झाडांत उभा होता. माझे गालमचे वासे अजून घराखाली पडलेले आहेत, हे मी त्याला सांगितलं. म्हटलं, "अडवायचं का? दोघं मिळून बांधू."

त्यानं पाण्याकडं पाहिलं, मग झाडांकडं. खोडाला हात लावला. तिथं बारीक काळे कोंब दिसत होते.

"फळ लागू दे, दाजी," तो म्हणाला. "एकदा लागू दे."

मी घरी आलो. शिडी नव्हती, फळीवरनं चढलो. माझं आता त्या जमिनीत कुणी नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला गेलो नाही. तिचे पाय तेवढे तिथंच आहेत.